पेडणेकरांच्या ओट्यावरचा कैदी

कुत्र्याने माझी पोटरी फाडली होती, रक्त चपलेत उतरलं होतं, आणि शेजारचे पेडणेकर भाऊजी हातात वही घेऊन विचारत होते, "वहिनी, नीट आठवा. त्याच्या तोंडाला मुसकं होतं की नव्हतं?"

"असतं तर चावला कशाने? कपाळाने?" मी ओरडले.

"बरोबर," म्हणून त्यांनी ते लिहून घेतलं.

असा हा माणूस. मूळचे कोकणातले, सिल्वासात सरकारी कचेरीत कारकून. आमच्या चाळीत बाकी सगळे खानदेशातून जवळच्या खडोलीच्या कारखान्यांत आलेले. जनावरांचे नियम भाऊजींना तोंडपाठ. कुत्र्याला पट्टा हवा, दोरी तीन हातांहून लांब नको, मारक्या बैलाच्या मालकाने पाटी लावायची. कुणाचा बोकड मोकळा दिसला की घरी नोटीस, एक मराठीत, एक गुजरातीत. "पाळलंत ना? मग सांभाळा!" एकदा त्यांच्याच मांजरीने माझं दूध सांडलं. भाऊजींनी स्वतःला नोटीस लिहिली, स्वतःच घेतली आणि मिळाल्याची सही माझ्यासमोर केली. दूध काही दिलं नाही.

तर त्या दिवशी मी घरात जाऊन जखमेत तिखट भरलं. आमच्याकडे कुत्रा चावला की हेच करतात. ते बघून भाऊजी पहिल्यांदाच चिडले. मला दंडाला धरून नळावर नेलं आणि कपड्याच्या साबणाने स्वतः पाय चोळत बसले. दुसऱ्याची बायको, अख्खी चाळ बघतेय, पण त्यांना त्याचं भान नव्हतं.

तेवढ्यात आमचे हे आणि चार जण काठ्या घेऊन निघाले. कुत्र्याचा मालक मगनभाई हात जोडून म्हणाला, "मारो मत, मैं सुरंगी के जंगल में छोड आता हूँ."

"कुणी हात लावायचा नाही!" भाऊजी आडवे उभे राहिले. "दहा दिवस बांधून ठेवायचा, नियम आहे. पिसाळलेला असेल तर तेवढ्यात मरेल. तो जगला तर वहिनींना भीती नाही."

"तुमचा नियम घाला चुलीत," आमचे हे म्हणाले. पण काठी खाली केली.

मगनभाईवर भरवसा नव्हता, म्हणून भाऊजींनी कुत्रा स्वतःच्या ओट्यावर बांधला आणि रजा टाकली. मी रोज दवाखान्यात पोटात सुई घेऊन यायचे, तर भाऊजी लांबूनच ओरडायचे, "वहिनी, कुत्रा पाणी प्यायला!" जसा काही मुलगा मॅट्रिक झाला.

सहाव्या दिवशी ते ओरडले नाहीत. कुत्रा तोंड फिरवून बसला होता. भाऊजी भरलेली थाळी घेऊन उभे होते.

"माझ्या ताईला जो कुत्रा चावला, तो लोकांनी तासाभरात मारला," ते म्हणाले. "जखमेत तिखट भरलं. महिनाभर सगळे म्हणत होते, काही होत नाही. मग ती पाणी मागायची, आणि तांब्या दिसला की किंचाळायची. मी तांब्या घेऊन उभा असायचो."

इतकी वर्षं शेजारी राहून, त्यांना बहीण होती हे मला ठाऊक नव्हतं.

मला गोड बोलता येत नाही. मी थाळीत बघितलं. दूधभात.

"सहा दिवस हेच घालताय? माणूससुद्धा तोंड फिरवेल," म्हटलं आणि घरून दोन सुके बोंबील भाजून आणले. लांबून टाकले. कुत्र्याने हुंगलं, मग काट्यासकट खाल्लं आणि वर बादलीभर पाणी प्यायला. भाऊजी खांबाला टेकून खाली बसले. त्यांनी वहीत काही लिहिलं नाही.

त्या माणसाचे उपकार मी त्यांना तोंडावर कधी बोलून दाखवले नाहीत. म्हणून आता लिहिते.

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी सुया थांबवल्या. मी जगले. कुत्राही जगला.