भांडं म्हंजे पावणं

या, असे जवळ सरकून बसा. लांबून बोलायला माझा गळा आता पहिल्यासारखा राहिलेला नाही. आणि बसायच्या आधी एक खरं सांगा. तुमच्या फडताळात शेजारणीची एखादी वाटी, एखादी ताटली पडून आहे ना? गेल्या दिवाळीपासून? ‘देऊ की, कुठं पळून जातेय’ असं म्हणत तुम्ही तिच्यात खुशाल कोशिंबीर करून खाताय. मला माहीत आहे. बरं दिसतं का हे? मी एवढं बोलून गप्प बसेन. आमचे सिदूआण्णा बसत नाहीत.

सिदूआण्णांना चहा दिला तर ते पीत नाहीत. आधी वाचतात. गरम पेला धोतराच्या सोग्यात धरतात, गोल फिरवतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि पेल्यावरचं नाव खणखणीत आवाजात वाचतात. “कैलासवासी गंगूबाई यांच्या स्मरणार्थ. ह्यो तुमचा न्हवं.” मग गंगूबाई कोण, तिच्या दिवसाला पेले कुणी वाटले, त्यातला हा आपल्या घरी कसा राहिला, याची चौकशी होते. तोवर चहाचं सरबत झालेलं असतं. ते एका घोटात पितात, पेला स्वतः विसळतात आणि पिशवीत घालून गंगूबाईच्या सुनेकडे चालू लागतात. आपण आपलं बघत बसायचं.

महाद्वार रोडला भांड्यांच्या दुकानात आण्णांनी चाळीस वर्षं नावं घातली. आधी छिन्नी-हातोडीनं ठोकून, पुढं टर्रर्र करणाऱ्या यंत्रानं. लग्न, मुंज, वास्तुशांत, बारसं, दिवसकार्य. आमच्या गल्लीत जन्माला आलेला आणि गल्लीतून गेलेला प्रत्येक माणूस त्यांच्या हाताखालून गेला आहे असं म्हटलं तरी चालेल. दुकान सुटलं, पण यंत्र त्यांनी घरी आणलं आणि वाचायची खोड तर सोबत आलीच.

दसरा ते तुळशीचं लग्न, हे आमच्या पेठेचे दिवस. पाऊस गेलेला असतो, भिंतींवरचं शेवाळ वाळून काळं पडतं. सकाळी रंकाळ्यावर धुकं, दुपारी डोकं भाजणारं ऊन, आणि चार वाजले की तेच ऊन मऊ होऊन आमच्या कट्ट्यावर येऊन बसतं. कुठं जायला रिक्षा लागत नाही. कोपऱ्यावर गिरण, तिथं भाजणीचा वास. पुढं बेकरी, तिथं घरचं तूप, मैदा, पिठीसाखर घेऊन नानकटाई भाजायला बायका नंबर लावून बसलेल्या. त्याच्या पुढच्या वळणावर संध्याकाळी म्हशी उभ्या. समोर धार काढायची आणि फेसासकट पेला हातात. आण्णा तिथं रोज जातात, मिशीला फेस लावून येतात. तिथला पेला मात्र वाचत नाहीत. त्यावर नावच नसतं. “हितं समदीच पावणं,” म्हणतात.

हा पावणं शब्द त्यांचा लाडका. “भांडं म्हंजे पावणं, वैनी. पावण्यानं चार दिस ऱ्हावं, खावं-प्यावं. पर घर करू नये.”

दिवाळीत ताटं घरोघर फिरतात आणि जिथं रिकामी होतात तिथंच राहतात. म्हणून भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी आण्णा कापडी पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे. “काडा भांडी!” जप्तीला आल्यासारखे. स्वयंपाकघरात शिरायचे नाहीत, पण उंबऱ्यावर असे बसायचे की बाईनं मुकाट्यानं मांडणी रिकामी करावी. ज्याचं त्याला पोचवायचं. आणि नुसतं नाही पोचवायचं. “रिकामं भांडं परत द्यायचं न्हाय.” चिमूटभर साखर घाला, झेंडूचं फूल घाला, काहीच नसेल तर दोन दाणे तांदूळ. पण रिकामं नाही. एकदा मी वैतागून वाटीत एक लवंग टाकली. त्यांनी ती लवंग जपून नेऊन दिली.

आता याचा त्रास सांगते. माझ्या थोरल्याच्या लग्नाचं बघायला मुलीकडचे आले होते. घरात माणसं ढीगभर, ताटल्या चार. मी समोरच्या शालनकडून डझनभर मागून आणल्या आणि पोहे दिले. मोठं माणूस म्हणून आण्णांना बोलावलं होतं. ते मुलीच्या मामाशेजारी बसले आणि त्यांच्या हातातली ताटली तिरकी करून वाचायला लागले. “शालन.” मग दुसऱ्याची. “ही बी शालन.” मग मुलीच्या बापाची. “हितंबी शालनच की!”

मामांचा घास हातातच राहिला. म्हणाले, “ही शालन कोण?”

माझ्या मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. शालन दारातून ओरडली, “मी वं पावणं, मी! समोर ऱ्हातो! दोन लेकरं हाईत मला!” आमच्याकडं बायका अशाच ‘ऱ्हातो, जातो’ बोलतात, त्यामुळं मामांचा घोटाळा आणखीच वाढला. लग्न झालं म्हणा. पण सून अजून म्हणते, शालनकाकूंना बघेपर्यंत मला झोप नव्हती.

याच शालनची आणि तिच्या जावेची चूल वेगळी झाली तेव्हा एक मोठी परात हरवली. तुझ्याकडं आहे, नाही तुझ्याकडंच आहे, असं करत दोघी आठ वर्षं बोलत नव्हत्या. आण्णांनी ती बेकरीत शोधून काढली. नानकटाईचं पीठ घेऊन गेलेली परात तिथंच राहिली होती, आणि बेकरीवाला तिच्यात पावाचं पीठ मळत होता. आण्णांनी त्याला उभा-आडवा झापला, परात घासून आणली, तीत मूठभर नानकटाई ठेवली आणि दोघींच्या मधल्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली. सगळी गल्ली बघायला जमली, आता गळ्यात गळे पडणार म्हणून. कसलं काय. दोघी अजून बोलत नाहीत. पण आता परातीवरून नाही, एवढंच.

गेली चार-पाच वर्षं आण्णांची पिशवी हलकी होत चालली आहे. पोरं पुण्याला गेली, घरं कुलपात. उरलेल्यांच्यात फराळ विकतचा, प्लॅस्टिकच्या डब्यात. असा डबा आण्णांनी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा बराच वेळ फिरवत राहिले. “ह्येला नाव कुटं घालू? ह्यो कुनाचाच न्हाय.” खाली ठेवला आणि त्यातलं खाल्लं नाही. शिवाय डोळ्यांत मोती उतरलाय. नावं आता बोटांनी चाचपून वाचतात. कट्ट्यावर बसलेले असले की नुसताच गुडघा चाचपत असतात. त्यावर काही लिहिलेलं नाही, पण बोटांना सवय.

यंदा पाडवा उजाडला तरी आण्णा दिसले नाहीत. दिवाळीच्या पहिल्या दिवशी माझ्या घरची ताटली वाचायला येतात, तेही आले नव्हते. मी फराळाचं ताट झाकून घेतलं आणि त्यांच्याकडे गेले. चार घरं टाकून राहतात, पण खरं सांगते, त्यांच्या स्वयंपाकघरात मी कितीतरी वर्षांनी पाय ठेवत होते. तेच सगळ्यांकडे जायचे, त्यांच्याकडे कोण जाणार?

तापानं फणफणले होते. घोंगडी पांघरून भिंतीला टेकलेले. मी पेज करून पाजली. पेज करताना लक्षात आलं, हाताशी एक पातेलं, एक ताट, एक पेला. एकावरही नाव नाही.

“आण्णा, सगळ्या गल्लीची नावं घातलीत, आणि स्वतःच्या पेल्यावर नाही?”

“कशाला घालायचं? माजं भांडं कुटं जातंय?”

फराळ काढून ठेवायला भांडं हवं म्हणून वरचं फडताळ उघडलं. “ते नगा उघडू वैनी,” असं ते म्हणाले, पण तोवर उघडलं होतं.

आत भांडीच भांडी. ताटं, वाट्या, तांब्या, पिंपापासून पळीपर्यंत सगळा संसार. घासून आरसा केलेला. प्रत्येकावर आण्णांच्या हातची ती सुरेख अक्षरं, ‘चि. सौ. कां. मंगल’, आणि पुढं कोरी जागा.

मंगल त्यांची एकुलती एक. आई लवकर गेली, आण्णांनीच वेण्या घातल्या तिच्या. नर्सिंग शिकली, नोकरीला लागली. इकडे बापानं तिच्या लग्नाची भांडी जमवायला घेतली, सासरचं आडनाव ठरलं की घालू म्हणून जागा सोडून. तिनं आपलं आपण ठरवलं, कोडोलीचा मुलगा. आण्णांना पसंत नव्हता. बारा वर्षांमागं, ऐन दसऱ्याच्या सुमाराला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ते दारात उभं राहून ओरडले होते, “माज्या घरातली वाटीसुदीक तुला मिळायची न्हाय!” ती म्हणाली, “नको मला तुमची वाटी.” चपला घातल्या आणि गेली. मी माझ्या दारातून बघत होते. मध्ये पडले नाही. त्याच दिवाळीला आण्णा पहिल्यांदा पिशवी घेऊन गल्लीत फिरले. हे सगळं मला त्या फडताळापुढं उभं राहिल्यावर जुळलं. इतकी वर्षं मी त्यांना नुसती हसत होते.

“आण्णा,” मी म्हटलं, “शालन उद्या भाऊबीजेला माहेरी चाललीय. कोडोलीलाच. देऊ का काही?”

त्यांनी घोंगडी बाजूला सारली. मग म्हणाले, “ही न्हाईत द्यायची.”

“अजून राग आहे?”

“राग न्हवं वं. ही तिच्या नावाची. गेली की तिकडंच ऱ्हायाची. मग काय? मिटलं.” आणि थांबून, “तेवढा साखरंचा डबा द्या इकडं. आनि यंत्र.”

साधा पेढेघाटी डबा, बिननावाचा. साखर मी विसळलेल्या पातेल्यात काढली. आण्णा उठून बसले, डबा मांडीत धरला आणि यंत्र चालू केलं. यंत्र डब्यावरून घसरत होतं, ताप आणि वय दोन्ही. मी म्हटलं, मी धरते. तर “सोडा” म्हणाले. टर्रर्र, थांबायचं, बोटानं चाचपायचं, परत टर्रर्र. ज्यांनी लोकांच्या पिढ्या एका ओळीत बसवल्या, त्यांच्या स्वतःच्या नावाची अक्षरं वाट चुकलेल्या मुंग्यांसारखी इकडंतिकडं गेली. पण वाचता येत होतं. ‘सिदराम’.

“आता ह्यो जाऊ द्या. माज्या नावाचा हाय, म्हंजे परत द्यावा लागतोय. तिला म्हाईत हाय ते.”

मी चिवडा भरला, चकल्या घातल्या. “नानकटाई वर ठेवा,” म्हणाले. “तिला आदी ती लागती.”

शालन दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेली आणि संध्याकाळी परत आली ती थेट माझ्याकडं.

“दिला?”

“दिला की काकी. हातात घेतला तिनं.”

“काय म्हणाली?”

“काय न्हाय. गोल फिरवून बघितला. नावावर बोट ठिवून हुबी ऱ्हायली. मी थांबलो जरा, मग आलो.”

हे आण्णांना सांगितलं. त्यांनी फक्त “फिरवला व्हय?” एवढंच विचारलं, दोनदा.

तुळशीचं लग्न होऊन गेलं. दारांवरचे झेंडू वाळले. यंदा आण्णा पिशवी घेऊन फिरलेच नाहीत. ताप उतरला, पण अंगातलं काहीतरी बरोबर घेऊन गेला. चारच्या उन्हाला कट्ट्यावर येऊन बसतात, गिरणीच्या कोपऱ्याकडं तोंड करून. दिसत तर काही नाही. कोपऱ्यावरून कुणी वळलं की पावलांचा आवाज ऐकतात आणि मग मान खाली. शालनची जाऊ परवा तिच्याकडं अडकलेली शालनची वाटी आपण होऊन आण्णांच्या हातात देऊन गेली. एरवी केवढा सोहळा केला असता त्यांनी. परवा वाटी तशीच मांडीवर राहिली.

काल मी शेजारी जाऊन बसले तेव्हा म्हणाले, “वैनी, शालनला सांगून ठिवा. रिकामा आला तरी चालतंय म्हनावं.”

ज्या माणसानं माझी एक लवंग पोचवली, तो हे म्हणाला.

म्हणून तुम्हाला जवळ बोलावून सांगतेय. तुमच्यातलं कुणी कोडोलीकडचं असेल तर हे तिच्या कानावर घाला. तिला म्हणावं, मंगल, मी तेव्हा दारातून बघत राहिले, ते चुकलं माझं. आता सांगते ते ऐक. फराळ भर, साखर घाल, नाहीतर काहीसुद्धा घालू नकोस, पण डबा तू स्वतः घेऊन ये. कुणाच्या हाती देऊ नकोस. आणि लवकर ये, बाई. कट्ट्यावरचं ऊन आता पाचलाच उठून जातं.