चाळीस वेढ्यांचा रस्ता

मन्मथअप्पांच्या दुकानात घड्याळ नाही. त्यांना वेळ विचारली तर ते वेढे सांगतात. चहाला उकळी यायला दोनशे वेढे, दाढीला तीनशे. "लातूरची यष्टी? अजून पाचशे वेढे हायत. बस निवांत." विचारणारा परगावचा असेल तर तो त्यांच्याकडे एकवार बघतो आणि हळूच पुढच्या दुकानात जातो. गावातला असेल तर बाकड्यावर बसतो. आणि कमाल म्हणजे, गाडी पाचशेच्या आसपासच येते.

वेढा म्हणजे तारेचा वेढा. अप्पा पाण्याच्या मोटारी भरतात. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार हातचाकावर मोजून गुंडाळायची, हे काम ते मिसरूड फुटल्यापासून करत आलेत. एक वेढा कमी-जास्त झाला तर मोटार पुन्हा जळते. त्यामुळे चाक फिरत असताना अप्पांशी बोलायचं नाही, असा गावाचा अलिखित कायदा. एकदा चाक फिरताना आमदार दुकानात आले होते. ते हात जोडून उभे राहिले आणि अप्पांनी त्यांना दोनशे चौदा वेढे तसंच उभं ठेवलं.

"सेकंद लोकाच्या घड्याळात ऱ्हातो," अप्पा म्हणतात. "वेढा माझ्या हातात हाय."

माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान त्यांच्या शेजारी आहे. मध्ये एक पत्रा. आमचं गाव लातूर आणि नांदेडच्या मधलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही. ते जिल्हा व्हायच्या यादीत बरीच वर्षं आहे आणि त्याच यादीत शेजारचाही तालुका आहे. उगाच नाव छापून यायचं आणि त्यांच्या पोटात दुखायचं.

अप्पांचं दुसरं वेड म्हणजे तपासणी. "टेस्ट केल्याबिगर न्हाई" हे वाक्य दिवसातून वीस वेळा पत्र्यापलीकडून ऐकू येतं. पुतणीच्या लग्नात द्यायला घेतलेला मिक्सर त्यांनी आधी शेंगदाण्याची चटणी वाटून तपासला आणि भर मांडवात तो नवरीच्या हातात देताना "टेस्ट केलेला हाय" असं खणखणीत आवाजात जाहीर केलं. वास तर आधीच पसरला होता.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. नळाला पाणी कधी येईल हे नगरपालिकेलाही सांगता येईना. बोअर आटले. पाणी नाही म्हणून मोटारी चालेनात, आणि चालेनात म्हणून जळेनात. अप्पांचं चाक थांबलं. त्याच सुमारास महादेवीकाकू, म्हणजे अप्पांच्या सौभाग्यवती, लेकाकडे पुण्याला गेल्या. "हितं पानी न्हाई, तिथं हाय. गेली," एवढंच अप्पांनी सांगितलं. त्या वर्षी बऱ्याच घरांतली माणसं अशी गेली होती, म्हणून कुणी जास्त विचारलं नाही.

महिन्याभरात अप्पा नांदेडला गेले आणि भंगारातून एक गंजकी लोखंडी पेटी घेऊन आले. कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. अप्पांनी पेटीला स्वतःची सीट दिली आणि नांदेडपासून उभं राहून आले.

"काय हाय हे अप्पा?" मी विचारलं.

"सिग्नलचं डोस्कं," अप्पा म्हणाले. "चौकात दिवे लागत्यात न्हाई का, लाल, पिवळे, हिरवे? कवा कोन लागायचं ते ही पेटी ठरवती."

"आणि तुम्ही ती दुरुस्त करणार?"

"आधी टेस्टर बनवनार. टेस्ट केल्याबिगर हात लावायचा न्हाई."

आता इथे सांगून टाकलं पाहिजे की आमच्या गावात तेव्हा एकही सिग्नल नव्हता. आजही नाही. दुकानासमोरून चौपदरी रस्ता मात्र गेला आहे. एरवी आमच्या चौकात वाहतूक कुणी थांबवली तर ती बहुतेक म्हशींनी. अशा गावात हा माणूस सिग्नलची पेटी तपासायचं यंत्र बनवायला बसला.

पण काय सुंदर बनवलं! दाराएवढी प्लायवूडची फळी. तिच्यावर ऑइलपेंटनं काढलेला आमचाच चौक, चारही रस्ते, बसथांबा, पलीकडचा मठ, अप्पांचं आणि माझंही दुकान. चारी तोंडांना तीन-तीन मिळून बारा दिवे. फळीमागून तारा पेटीत जाणार आणि पेटी दिवे लावणार. मधोमध एक भोंगा. आडव्या आणि उभ्या रस्त्याला एकाच वेळी हिरवा दिवा लागला, की भोंग्यानं बोंबलायचं. "दोन हिरवे एकदम म्हंजी टक्कर. पेटी चुकली तर हे सांगनार," अप्पा म्हणाले. दिवे किती वेळ लागावेत हे ठरवायला खटके होते आणि त्यांवर आकडे होते. अर्थातच वेढ्यांचे.

सिग्नल मागणारे अर्ज मी टाइप करून दिले. अकरा. शेवटी नगरपालिकेतला बाबू वैतागून म्हणाला, "अप्पा, सिग्नल जिल्ह्याच्या गावाला असत्यात. जिल्हा झाला की बगू." त्या बिचाऱ्यानं ब्याद टाळली. अप्पांनी ते वचन समजून खिशात घातलं. तेव्हापासून रोज सकाळी ते माझ्या दुकानात यायचे आणि पेपर माझ्यापुढे सरकवायचे. "बग बरं माधवा, जिल्ह्याचं काय आलंय का." काही आलेलं नसायचं. "उद्या यील," म्हणून ते फळीकडे परतायचे.

आणि एक दिवस जिल्हा झाला. म्हणजे, दुपारी कुणाच्या तरी मोबाइलवर तसा निरोप आला आणि पुढच्या तासाभरात गावानं तो करूनच टाकला. फटाके वाजले, पेढे संपले, एका घाईच्या माणसानं दुकानाच्या पाटीवर 'तालुका' खोडून 'जिल्हा' रंगवलं. ट्रॅक्टर, जीपगाड्या, टँकर आणि बँडवाले असे सगळे चौकात शिरले आणि कुणालाच बाहेर पडता येईना.

अप्पांनी पाण्याचे ड्रम आणायचा हातगाडा काढला. त्यावर पेटी, फळी आणि ट्रॅक्टरची बॅटरी चढवली आणि गाडा ढकलत ते चौकाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. पांढरं धोतर, कपाळाला भस्म आणि मागे बारा दिवे. "लाल! थांबा!" ते ओरडले. देवाशपथ सांगतो, लोक थांबले. एक फेरी झाली, दुसरी झाली, टँकर सुटला. तिसऱ्या फेरीला पेटीत काहीतरी बिनसलं आणि चारही बाजूंना हिरवा लागला. भोंगा असा बोंबलला की बँड बंद पडला. चारही बाजूंची वाहनं एकमेकांत घुसून पुन्हा जशीच्या तशी अडकली, आणि त्या गोंधळात अप्पा दोन्ही हात वर करून नाचत होते. "बोंबललं! बोंबललं रे माधवा! टेस्टर पास!"

संध्याकाळी कळलं की निरोप खोटा होता. पाटीवाल्यानं 'जिल्हा' खोडून परत 'तालुका' रंगवलं.

मी अप्पांची समजूत काढायला गेलो. ते फळी पुसत बसले होते. तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की फळीवर एक तेरावा दिवा आहे. चौकात नाही, आमच्या दुकानांसमोर. तिथे रस्त्यावर पांढरे पट्टे काढले होते आणि त्या दिव्याला वेगळा खटका होता. त्यावर चाळीस लिहिलं होतं.

"हा कुणासाठी?"

"चालनाऱ्या मानसासाठी."

"एवढा वेळ? मी विसात जातो की पलीकडे."

"तू जातूस," अप्पा म्हणाले. "तुझ्या काकूला चाळीस लागतेत."

 ते पुन्हा फळी पुसायला लागले.

"पान्यापाई न्हाई गेली ती, माधवा. टँकर मठापाशी लागायचा, पलीकडं. रोज घागर घिऊन जायची. मी हितनं बगायचो. ती रस्ता वलांडायची तवर माझे चाळीस वेढे व्हायचे. रोजचं. त्या दिवशी येताना गाड्या थांबंनात. भरली घागर कमरेवर, गुडघे दुखायलेले. माझ्याकडं बगून राहिली हुती. आन् माझ्या चाकावर मोटार चढलेली, शेवटलीच. उठलो असतो तर गिनती चुकली असती. म्हनलं, यील आत्ता. नवशे वेढे उभी हुती ती. नवशे. मी मोजले न्हवं. मग तिथंच घागर ठिवली आन् बसली. एका जीपवाल्यानं हात धरून आनली. मला काय बी बोलली न्हाई. भांडली असती तर बरं झालं असतं. आठ दिवसांनी लेक आला, त्याच्यासंगं गेली."

मी पत्र्याच्या अलीकडे होतो त्या दिवशीही. माझ्या दुकानातूनही मठ दिसतो. मी कुणाच्या तरी सातबाऱ्याची झेरॉक्स काढत असेन. हे अप्पांना सांगायची मला लाज वाटली, आणि आजही वाटते.

"फोन करता का?"

"करतो. पानी आलं का, इचारती. जिल्हा झाला का, म्हनून हासती. कवा येती, हे माझ्यानं इचारवत न्हाई."

पुढे पंधरा-वीस दिवसांनी टँकर भरणारी मोटार जळाली आणि ती अप्पांकडे आली. चार महिन्यांनी चाक फिरलं. मी मुद्दाम मशीन बंद करून ऐकत बसलो, इतकं बरं वाटलं. तेवढ्यात पलीकडच्या थांब्यावर, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्याच गाड्या लागतात, पुण्याहून आलेली गाडी थांबली आणि गाडी गेल्यावर रस्त्याच्या कडेला हातात एक पिशवी घेऊन महादेवीकाकू उभ्या दिसल्या. पुढून मालट्रक मागोमाग चालले होते.

मी उठणार, तेवढ्यात पत्र्यापलीकडचं चाक खडखडलं. बघतो तर चाक आपलं आपण उलटं फिरत होतं, मोजलेली तार सुटून जमिनीवर पसरत होती आणि अप्पा दुकानात नव्हते. ते गाडा ढकलत रस्त्यात शिरले होते. फळीवरचे चारही लाल लागले होते. भर उन्हात ते कुणाला दिसले असतील देव जाणे, पण धोतरातला म्हातारा आडवा गाडा घालून उभा आहे म्हटल्यावर ट्रक थांबले. शिव्यांचा पाऊस सुरू झाला. अप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"ये," ते म्हणाले. "सावकास ये."

काकू निघाल्या. अप्पा मोठ्यानं मोजत होते. दहा. वीस. तीस. काकू अजून मध्यापर्यंतही आल्या नव्हत्या. चाळीस झाले. तरी ते मोजत राहिले. काकू आमच्या बाजूला पोचल्या तेव्हा बासष्ट झाले होते.

काकूंनी दुकानात पाऊल टाकलं आणि जमिनीवरची तार पाहिली. "अव्वा! गिनती चुकली की ओ तुमची."

"चुकू दे," अप्पा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "मी चाळीसच धरून बसलो हुतो."

"गुडघे लई गेले बगा ह्या चार म्हयन्यात," काकू म्हणाल्या आणि बाकड्यावर टेकल्या.

त्या दोन दिवस राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी तसाच गाडा आडवा घालून त्यांना पलीकडे नेलं आणि पुण्याच्या गाडीत बसवलं. गाडी गेल्यावरही ते गाडा तसाच आडवा ठेवून तिथेच उभे राहिले, इतका वेळ की मागचे ट्रक पुन्हा शिव्या द्यायला लागले. मग परत आले आणि पेचकस घेऊन तेराव्या दिव्याच्या खटक्याशी बसले. चाळीस खरडून काढलं आणि त्या जागी ब्रशनं सत्तर काढलं.

"सत्तर?" मी म्हटलं. "बासष्टच तर झाले."

"आता नुसती पिशवी घिऊन आली हुती," अप्पा म्हणाले. "पुढच्या येळी समदं सामान घिऊन येनार हाय. जड ऱ्हाईल."

काकू असं काही म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं, आणि मध्ये फक्त पत्रा आहे.  अप्पांनी खटका दाबला. तेरावा दिवा लागला. रिकाम्या चाकाची मूठ धरून अप्पा मोजायला लागले, आणि सत्तर होईपर्यंत मी काही बोललो नाही.