रविवारात सोमवार मिसळला तर?

"रंगच शिकवायचे ना? त्यात काय एवढं!" असं मी म्हणालो, आणि तिथेच फसलो.

झालं असं, की आमच्या सौभाग्यवतीचा, म्हणजे रंफाचा, आवाज शनिवारी पार बसला. (लग्नानंतर घरात इतकी शांतता पहिल्यांदाच. मी आनंद लपवला, पण तिने तो ओळखलाच.) ती इथे थायलंडात, लांपांगच्या एका लहानशा शाळेत चित्रकला शिकवते, तीही हंगामी. आणि नेमक्या सोमवारी मुख्याध्यापिका फिकुनबाई तिचा तास बघायला येणार होत्या. तास आवडला तर नोकरी कायम, नाही तर सुट्टी कायम. शेवटी फिकुनबाईंनीच तोडगा काढला. रंफाने वर्गात बसायचं आणि बोलायचं काम नवऱ्याने करायचं.

रविवारी ती मला खाणाखुणांनी धडा समजावायला लागली. मी हात झटकला.

"अगं, मी पाटबंधारे खात्यात आहे. आम्ही अख्खी नदी वळवतो. मला तीन रंग जमणार नाहीत?"

तिने देवाला हात जोडले.

सोमवारी मी कडक इस्त्रीचा पिवळा शर्ट घालून वर्गात उभा राहिलो. समोर पहिलीची पोरं, जेवणानंतर तोंडाला पावडर थापून जमिनीवर बसलेली. मागे फिकुनबाई पंख्याने वारा घेत होत्या. कोपऱ्यात स्टुलावर रंफा.

"मुलांनो, मी पाटबंधारे खात्यातला काका. मूळ रंग तीन. तांबडा, पिवळा, निळा. बाकी सगळे यांच्यापासूनच होतात."

"कसे?" पोम नावाच्या गोलमटोल मुलाने विचारलं.

या प्रश्नाची माझी तयारी नव्हती. मी तिन्ही रंग एका वाडग्यात ओतले आणि जोर लावून ढवळले. (खात्यात आम्ही असंच करतो. सगळं एकत्र करायचं आणि काय होतंय ते बघायचं.)

पोरांनी वाडग्यात डोकावून पाहिलं.

"काका, हा चिखल आहे," पोम म्हणाला. "तुम्ही पाटबंधाऱ्यातले ना?"

फिकुनबाईंचा पंखा थांबला. रंफाने कपाळाला हात लावला. तिची नोकरी त्या वाडग्यात बुडताना मला स्पष्ट दिसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (रंगाच्या वासाने हो. दुसरं काही नाही.)

तेवढ्यात खिंग नावाच्या दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला.

"काका, तुम्ही आज पिवळा शर्ट का घातलाय?"

"सोमवार आहे म्हणून." आमच्याकडे प्रत्येक वाराला त्याचा रंग असतो. सोमवारी पिवळा घातला नाही, तर ऑफिसातला शिपाईसुद्धा वर-खाली बघतो.

"आणि तांबडा कुठला वार?"

"रविवार."

"मग रविवारात सोमवार मिसळला तर?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! तांबड्यात पिवळा घातला, नारिंगी झाला.

"गुरुवार!" मी ओरडलो.

"गुरुवाऽऽर!" वर्ग ओरडला.

सोमवारच्या पिवळ्यात शुक्रवारचा निळा, की हिरवा बुधवार! रविवारात शुक्रवार, की जांभळा शनिवार! मी नाचायचाच काय तो बाकी होतो. पंखा पुन्हा हलू लागला. रंफाने तोंडावर रुमाल धरला होता आणि तिचे खांदे गदगदत होते. बिचारी आनंदाने रडत होती.

"आणि मंगळवार?" फिकुनबाईंनी विचारलं.

मंगळवार म्हणजे गुलाबी. माझा आठवडा तिथे संपला. पण खिंगने कपाटातून पावडरचा डबा आधीच काढून आणला होता.

"रविवारात थोडी पावडर टाका, काका."

झाला की गुलाबी! टाळ्यांचा कडकडाट. त्या भरात पोमने निळ्या हातांनी मला मिठी मारली, आणि माझ्या सोमवारावर दोन पंजे बुधवार उमटला.

फिकुनबाई उठल्या. "रंफा, पुढच्या वर्षापासून तू कायम."

अहाहा! छातीवरची शिळा उतरली. इतकं हलकं वाटलं की मी मटकन खालीच बसलो. (चिखलाच्या वाडग्यात बसलो, हे नंतर कळलं.)

घरी जाताना आम्ही भाजलेलं डुकराचं मांस आणि चिकट भात घ्यायला एका हातगाडीपाशी स्कूटर थांबवली. माझी बढाई चालूच होती.

"ती वारांची युक्ती मला ऐन वेळी कशी सुचली, कोण जाणे! तूही वापरत जा. माझं नाव नाही घेतलंस तरी चालेल."

मागून घोगरा आवाज आला. इतका वेळ दाबलेल्या हसण्याने तिचा घसा मोकळा झाला असावा.

"अहो, ती मी शाळा सुरू झाल्या झाल्याच शिकवते. कपाटात पावडरचा डबा कशाला ठेवलाय?"

"म्हणजे पोरांना सगळं येत होतं?"

"सगळं."

गाडीपाशीच खिंग आजीचा हात धरून उभी होती. मी तिला गाठलं.

"काय गं, येत होतं तर सरळ सांगितलं का नाहीस?"

तिने एकदा रंफाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, फार समजूतदारपणे.

"बाई म्हणतात, नवीन मुलगा रडायला लागला, की त्याला आधी एखादं उत्तर येऊ द्यायचं."