नारखेडे सरांचे तीन परीक्षक

आमच्या शेजारचे मुरलीधर नारखेडे सर माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. पायांकडे बघतात. नांदुऱ्याच्या बाजारात तुम्ही समोरून आलात, हसलात, हात केलात, तरी ते खाली बघत पुढे निघून जातात. तुम्ही मनातल्या मनात त्यांना शिष्ट ठरवता, तेवढ्यात मागून हाक येते, "काऊन हो बाई, डावा पाय ओढून राह्यल्या? चप्पल नवी घेतली का?" चप्पल नवीच असते. डाव्या अंगठ्याला ती लागतही असते.

पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा बाकीचे नाक, डोळे, शिक्षण, स्वयंपाक असं रीतसर बघत होते. मुलगी पोह्यांच्या बशा ठेवून आत गेली. मोठे म्हणून सरांना विचारलं. सर म्हणाले, "दोन्ही पायावर सारखं वजन टाकते. वळताना अडखळत नाई. हो म्हना." लग्न झालं, संसार छान चाललाय. पुतण्या मात्र फेंगडा चालतो, आणि ही गोष्ट आपण मुलीकडच्यांपासून लपवली याची सरांना अजून रुखरुख आहे.

नोकरीत असताना सर शाळेत व्यायाम शिकवायचे. पण त्यांची खरी ओळख वेगळी. चाकांच्या बुटांवरच्या फ्रीस्टाइल स्केटिंगच्या परीक्षा असतात, त्यांचे अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यातले ते एकुलते एक परीक्षक. या परीक्षेत शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. मूल एकटं फरशीवर येतं, नेमून दिलेल्या उड्या मारतं, गिरक्या घेतं. परीक्षक त्याला पुढच्या पायरीला पाठवतात, नाहीतर "पुन्हा या" म्हणतात. परीक्षक तीन लागतात. तिघं लांब लांब बसतात आणि एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत.

पूर्वी दोघं बाहेरगावाहून यायचे. एकाचे गुडघे गेले, दुसरे मुलाकडे बंगळुरूला गेले आणि आमच्याकडच्या परीक्षा बंद पडल्या. परीक्षा द्यायची तर नागपूर गाठा. दोन-तीनदा गाडीचे हेलपाटे घातले की बापाचा उत्साह मुलाच्या आधी संपतो. उंद्रीच्या, पार बीबीसारख्या लांबच्या गावच्या पोरांनी बूट माळ्यावर टाकले. सर जो भेटेल त्याला सांगायचे, "माह्यापाशी पोट्टे आहेत, चाकं आहेत, फरशी आहे. पाहनारे नाईत!"

शेवटी नागपूरच्या स्केटिंग संघटनेनं कळवलं, की तुम्हीच नवे परीक्षक तयार करा. आमच्या मॅडम येऊन त्यांना तपासतील. पास झाले तर केंद्र तुमचं, नाहीतर विषय बंद.

"तिघं पाहिजे," सर म्हणाले. "आन तिन्ही पास झाले पाहिजे. एकबी कमी चालनार नाई."

तर त्या तिघांमधली मी एक. कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते, जिना चढताना कठड्याला धरते. मी म्हटलं, "सर, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"मंग त लय चांगलं! चुकीचं काई शिकेल नाई तुमी. आन तुमच्या घरात चाकं फक्त गॅसच्या टाकीखाली. कोनाची बाजू घेसान?"

दुसऱ्या शबाना भाभी. त्या शिवणाचा क्लास चालवतात. तिसरे एसटीतले कंडक्टर गवई. आमचा वर्ग भरायचा राठी शेठच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये. पूर्वी तिथे कापसाच्या गंज्या लागायच्या, आता गुळगुळीत फरशीवर पोरं गिरक्या घेतात. शेठनं ती जागा फुकट दिली होती. पंखे, खुर्च्या, माठ, सगळं शेठचं.

पहिल्या दिवशी सरांनी पोरांना एकेक करून फरशीवर सोडलं आणि आम्हाला सांगितलं, ठरवा. आम्ही ठरवलं. सगळे पास. एक पोरगा उडीतून थेट बसला होता आणि बसल्या बसल्याच भिंतीपर्यंत घसरत गेला होता. तोही पास.

"हा कसा काय?" सरांनी गवईंना विचारलं.

"बसून का होईना सर, शेवटच्या स्टॉपले पोचला ना!"

शबाना भाभींनी एका मुलीला तिच्या ड्रेसच्या घेराची शिलाई बघून पास केलं होतं. "इतकी नाजूक फ्रिल हाय सर, मायनं किती जागरन केलं असन!" मी तर बोर्डाचे पेपर तपासणारी बाई. पासाला थोडंसं कमी पडलं की हात आपोआप सढळ होतो. मी ग्रेस दिली होती.

सर रागावले नाहीत. खाली आमच्या पायांकडे बघत म्हणाले, "तुमचा जीव मोठा आहे, मले समजते. पन पायाले समजत नाई ते. आज तुमी याले खोटं पास केलं, त उद्या हा याच्याहून मोठी उडी मारन. पाय मोडला त प्लास्टर कोन बांधन? तुमी? 'पुन्हा ये' म्हटलं त लेकरू रडते. रडू द्या. रडून कोनाचं हाड मोडत नाई."

दुसऱ्या दिवसापासून जिनिंगमध्ये दोरी बांधली गेली आणि तिच्यावर सतरंज्या टाकल्या. आम्ही अलीकडे पाटांवर बसायचो. पलीकडच्या पोरांचं फक्त गुडघ्यांखालचं दिसायचं. तोंड नाही, ड्रेस नाही, कोणाचं पोरगं तेही नाही. सर पलीकडून ओरडायचे, "पाय काय म्हनते?" उडताना बुटाच्या कोणत्या कडेवर भार होता, उतरताना एकच पाय टेकला की दोन्ही, गिरकी जागच्या जागी झाली की फिरत फिरत माठापर्यंत गेली, एवढंच सांगायचं. आम्ही त्यातूनही वाट काढली. गवई म्हणाले, "हे त डॉक्टर साहेबाचं पोट्टं, मोजे पाहा ना, लय भारी आहेत." त्या संध्याकाळी सर बाजारातून एकसारख्या पांढऱ्या मोज्यांचा गठ्ठा घेऊन आले.

पण आमची एक खोड काही केल्या जाईना. मूल पडलं की आम्ही उठायचो. गवई तर "उठ माय, उठ!" करत सतरंजीखालून पलीकडे. परीक्षक खुर्चीतून उठला की परीक्षा गेली, हे सरांनी शंभरदा सांगून पाहिलं. शेवटी त्यांनी आमच्या तिघांच्या मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला एकेक गडू ठेवला. पहिले काही दिवस आम्ही रोज भिजून घरी गेलो. आमच्या ह्यांनी विचारलं, "स्केटिंग शिकून राह्यली का पोहनं?"

हळूहळू साड्या कोरड्या राहायला लागल्या, आणि मग भलतंच काही सुरू झालं. मला सगळीकडे पायच दिसायला लागले. हे चार दिवसांनी गावाहून आले, तर मी दारात त्यांच्या टाचा बघत उभी. शबाना भाभी म्हणाल्या, "बाई, काल गिऱ्हाईक आलं ब्लाऊजचं माप द्याले, आन मी तिचे घोटेच पाहत बसली." गवई म्हणाले, बिनतिकिटाचा माणूस आता त्यांना पायावरून ओळखू येतो, तो उतरायच्या कितीतरी आधी एक टाच उचलून ठेवतो. सरांनी हे ऐकलं आणि इतके खूश झाले, की त्यांनी चक्क आमच्या तोंडांकडे बघितलं.

परीक्षेचा दिवस आला. नागपूरच्या मॅडम सकाळच्या गाडीनं उतरल्या. बारीक चणीच्या, कडक इस्त्रीच्या, हसण्याचं नाव नाही. त्या परीक्षक म्हणून बसणार, आम्ही तिघंही बसणार, आणि शेवटी आमचे निकाल त्यांच्या निकालांशेजारी ठेवून बघणार. जुळले तर आम्ही पास. जिनिंग पालकांनी भरून गेलं होतं. दारातच राठी शेठ शाली आणि नारळ घेऊन उभे. आमच्याकडे खुर्चीवर बसणाऱ्याचा आधी सत्कार होतो, मग तो काय करायचं ते करतो.

सर आडवे झाले. "शेठ, आधी काम, मंग नारळ."

"अहो, पाहुन्या आहेत त्या!"

"आज पाहुना कोनी नाई. चहा बी नाई. पालकाच्या हातचं पानी बी नाई."

शेठ नारळांची पिशवी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले. त्यांचा नातू यश आज परीक्षा देणार होता.

आज सतरंजी नव्हती आणि गडूही नव्हता. पोरं तोंडासकट समोर होती. उंद्रीची एक मुलगी पहिल्याच उडीला आपटली. लांबच्या खुर्चीवर गवईंचे गुडघे हललेले मी पाहिले. पण माणूस जागचा उठला नाही. पोरगी उठली, फ्रॉक झटकला आणि ती उडी नियमानं मिळणाऱ्या दुसऱ्या संधीत अशी घेतली, की उतरल्यावर एका पायावर ती लांबपर्यंत सरळ वाहत गेली. मी 'पास' लिहिलं. हात सढळ नव्हता, बरोबर होता, आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटला.

मग यश आला. काय पोरगा! उंच, देखणा, अंगात लय. त्यानं शेवटची उडी मारली ती छताला हात लावील अशी. जिनिंगमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पण उतरताना त्याचा दुसरा पाय टेकला होता. डोळ्याचं पातं लवतं तेवढाच, पण टेकला. दुसऱ्या संधीतही तेच झालं. माझ्या डोक्यावर शेठचा पंखा फिरत होता, मी शेठच्या खुर्चीवर बसले होते, आणि शेठ माझ्याकडे बघत होते. बाजूला विचारायला कोणी नाही. ही फरशी गेली तर केंद्र कुठं भरवायचं, असंही मनात येऊन गेलं. मग पाय आठवला आणि मी लिहिलं, 'पुन्हा'.

निकाल वाचले गेले. यशला चौघांनीही 'पुन्हा या' लिहिलं होतं. टाळ्या वाजवलेले हात मांडीवर आले. शेठ उठले, पिशवी घेऊन सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"कुठं चुकला तो?"

"उतरताना दुसरा पाय टेकला, शेठजी. दोन्ही वेळा."

शेठ म्हणाले, "मलेबी दिसलं होतं. म्हटलं पाहू, तुमाले त्याचा पाय दिसते का माही फरशी दिसते."

आणि त्यांनी पिशवीतून पहिला नारळ काढून माझ्या हातात ठेवला. त्याच वेळी मॅडमनी कागदांवरून मान वर केली आणि दिवसभरात पहिल्यांदा हसल्या. "तिघेही पास. केंद्र मंजूर." पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. पोरं चाकांवरून सरांभोवती गरगर फिरत होती, कोणीतरी बाहेर फटाक्यांची लड लावली, शबाना भाभी रडत होत्या आणि हसत होत्या, आणि गवई ज्याला त्याला मिठी मारत सुटले होते. जिंकलो हो आम्ही! एका नातवाला नापास करून जिंकलो आणि आजोबाच नारळ वाटत होते.

"संध्याकाळी सगळे माह्या घरी," शेठ ओरडले. "दाल-बाटी!"

आता एक सांगायचं राहिलं. सर कोणाच्या घरी जेवत नाहीत. लग्न असो, बारसं असो, दारात आहेर देतात, "पोट बरं नाई" म्हणतात आणि परत फिरतात. नारखेडे काकू गेल्यापासून घरी एकटेच खिचडी शिजवतात. मी दिवाळीला फराळाचं ताट पाठवलं होतं, ते तसंच झाकलेलं परत आलं. तेव्हापासून माझ्या लेखी माणूस तुसडा होता.

पण त्या दिवशी सर म्हणाले, "येतो ना शेठ."

"आणि पोट?" मी विचारलंच.

"पोटाले काई झालं नाई बाई. कधीच नव्हतं. ज्याच्या घरी जेवलो, त्याच्या लेकराले 'पुन्हा ये' कसं म्हनू? आन आज चाकं नाईत ते घर उद्या आननारच नाई हे कोन सांगते? म्हनून सगळ्यायलेच नाई म्हनत गेलो." मग ते मॅडमकडे वळले. "तिघं झाले मॅडम. आता माहं नाव कमी करा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सरांना धरलं तर दोनच नवे परीक्षक पुरले असते. तिसरा त्यांनी स्वतःच्या जागी मागितला होता.

संध्याकाळी आम्ही तिघं नटूनथटून शेठच्या दारात पोचलो. सर पुढे होते, धुवट सदऱ्यात. उंबऱ्यावर ते थांबले आणि आमच्याकडे वळले.

"तुमी कुठं?"

"जेवायला, सर."

"यश पुन्हा येनार आहे परीक्षेले. त्याले कोन पाहीन?"

आम्ही तिघं अंगणातच थबकलो. आतून तुपाचा वास येत होता. उघड्या दारातून दिसत होतं, सर यशच्या शेजारी मांडी घालून बसले, यशनं स्वतः त्यांच्यापुढे ताट सरकवलं. मला राग यायला हवा होता, मी दुपारपासून उपाशी होते. पण डोळेच भरून आले.

"चाला, माह्या घरी पिठलं आहे," गवई हळूच म्हणाले. "आपलं आपल्यात चालते. आपन तिघं त आहो. सरायले इतके वर्ष गावात दुसरा परीक्षकच नव्हता, ते जेवाले कोनाकडे जातीन?"

आम्ही फाटकाकडे वळलो. मागून शेठाणींचा आवाज आला, "बस झालं का, सर?"

"वाढा ना वैनी," सर म्हणाले. "आज मले काई घाई नाई."