किरकोळ जखमी

सांगलीतल्या आमच्या दैनिकात आप्पा वृत्तसंपादक होते तोवर कुणी 'भडकलं' नाही. लोक फक्त 'नाराज' व्हायचे. शिराळ्याकडे दोन गटांत दगडफेक झाली, आप्पांनी तिची 'बाचाबाची' केली. एका पुढाऱ्याला सभेतून हुसकावलं, तो आमच्या अंकात 'लवकर निघाला'. बातमी हातात आली की लाल पेन उघडायचं आणि म्हणायचं, "जरा जाळ कमी कर रे. लोक चहा पिताना वाचतात."

नाट्यपरीक्षणं मी लिहायचो. तिथं आप्पांचा ठरलेला शब्द 'संयत'. नट संवाद विसरला, अभिनय संयत. पडदा मध्येच अडकला, नेपथ्य संयत. त्यांची एकुलती एक वैशाली हौशी नाटकात उभी राहिली, तेव्हा मी धीर करून लिहिलं, 'आवाज तिसऱ्या रांगेपुढे पोचत नाही.' आप्पांनी ते खोडून 'संयत' केलं. वैशाली त्यांचीच लेक, तिला अर्थ बरोबर कळला. तिनं बापाशी अबोला धरला.

अबोला सुटायच्या आतच त्या नाटकाचा पाचगणीला प्रयोग लागला. त्या दिवशी दुपारी वाईच्या आमच्या वार्ताहराचा, मान्यांचा फोन आला. पसरणी घाटात सांगलीच्या नाटकवाल्यांची गाडी उलटली होती. मी लिहून घेत होतो, आप्पा माझ्या खांद्यावरून वाचत होते. त्यांनी सवयीनं लाल पेन उघडलं, पण कागदाला टेकवलं नाही.

"अकरा जण किरकोळ जखमी," माने म्हणाले. तेच मी मोठ्यानं म्हटलं आणि हुश्श केलं. आप्पांनी रिसीव्हर हिसकावला.

"किरकोळ म्हणजे काय?"

"आवं आप्पा, किरकोळ म्हंजे किरकोळ. तुमीच शिकवलंय न्हवं, असं लिवायचं?"

आप्पा पांढरेफटक पडले. "म्हणूनच विचारतोय, माने! हा शब्द जन्मभर मी लिहिलाय. त्याच्याखाली काय काय झाकलंय, मला ठाऊक आहे. माझी वैशाली कशी आहे?"

"दवाखान्यातनंच बोलतुया. धरा, बघून येतो."

लाइन चालू होती, पलीकडं कुणी नव्हतं. मी खुर्ची सरकवली, आप्पा बसले नाहीत. पेनाचं टोपण लावायचे, काढायचे. एकदाच म्हणाले, "तिला संयत म्हणायला नको होतं रे."

आणि मग फोनमधून आवाज आला. "आप्पाऽ! हात मोडलाय माझा! लय दुखतंय!"

त्यांना रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. कंपोझिंगची माणसं दारात आली. आप्पा हमसून हमसून रडत होते आणि म्हणत होते, "ओरड बाळा. आणखी ओरड."

डोळे पुसून ते बातमीला बसले. 'किरकोळ' खोडलं. मान्यांकडून अकराही जणांचं नेमकं विचारून घेतलं. कुणाचं मनगट, कुणाच्या कपाळाला चार टाके, सगळं नावापुढं लिहिलं. जागा पुरेना, तसं माझं नवं परीक्षण काढून टाकलं. "प्रत्येकाच्या घरी कुणीतरी वाचत बसेल रे," म्हणाले.

वैशालीच्या नावापुढं त्यांनी 'डावा हात मोडला' लिहिलं. थोडं थांबून पुढं जोडलं, 'आवाज खणखणीत आहे.'

हे वाक्य बातमीत बसणारं नव्हतं. मी ते तसंच कंपोझिंगला पाठवलं.