ढोके सरांचं कपाळ

ढोके सरांच्या व्हिडिओत ढोके सर कधीच दिसत नसत. दिसायचं ते कपाळ. वर आभाळ, खाली कपाळ, आणि जोरात बोलले की भुवया. दिग्रसच्या आमच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि रोज सकाळी वर्गाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकायचे. "राजेहो, बोंड फोडून पाहा!" ही सुरुवात ठरलेली.

साल बोंडअळीचं होतं. कपाशीचं बोंड बाहेरून हिरवंगार, आत गुलाबी अळी. सर म्हणायचे, "माणसाचंबी तसंच आहे. वरून हासते, आतून पोखरलं राह्यते. हे डिप्रेशन आहे, आळस नाही. याले डॉक्टर आहे, औषध आहे."

पोरांनी त्या कपाळाचं स्टिकर केलं. सर उलट खूश! "हजेरी म्हणून हेच टाकत जा. ज्याचं कपाळ आलं नाही, त्याचं बोंड मी फोडीन."

एका आठवड्यात माझं कपाळ येणं बंद झालं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आज छाती काढून सांगतो. तेव्हा त्याचंच ओझं झालं होतं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचो. आईचा फोन आला की, "बरा आहो."

सर डबा घेऊन थेट खोलीवर आले.

"जेवला काय बे, प्रवीण?"

"हो, सर."

"कायले खोटं बोलून राह्यला? ताटावर धूळ आहे." डबा उघडून ते खाली बसले. "मराचं येते काय मनात?"

इतकं सरळ मला कोणी विचारलं नव्हतं. मी रडलो. सरांनी डबा पुढे सरकवला. "दोन घास खा. यवतमाळची बस आहे."

दवाखान्याच्या खिडकीशी ते म्हणाले, "दोन नंबर लावा. एक याचा, एक माहा."

"तुमचा, सर?"

"अबे, मीबी गोळी घेतो. लय वर्सं झाली."

"मग व्हिडिओत काहून नाही सांगत, सर?"

"कॅमेरा कपाळाच्या खाली नेला का डोळे दिसते बे."

औषध चाललं, डॉक्टरांशी बोलणं चाललं, हळूहळू मी वर्गात बसू लागलो. पुढे पदवी मिळाली. ती घेऊन आधी आईकडे गेलो, मग सरांकडे. सर अंगणात मोबाईल आभाळाकडे धरून उभे होते.

"द्या सर, मी धरतो."

त्यांनी जरा वेळ लावला, पण दिला. मी मोबाईल खाली घेतला. कपाळ, भुवया, डोळे, अख्खे सर.

"राजेहो," ते म्हणाले, "आज माहं बोंड फोडतो."