काळा रंग किती काळा

घरातला टीव्ही बदलण्याचा निर्णय आम्ही पूर्ण शुद्धीत आणि बहुमताने घेतला, हे सुरुवातीलाच नमूद करणे आवश्यक आहे. जुना टीव्ही बिघडलेला नव्हता. त्याच्या पडद्यावर फक्त एक हिरवी उभी रेघ होती. तिची आम्हाला इतकी सवय झाली होती, की बातम्या देणाऱ्या बाई कधी रेघेशिवाय समोर आल्या असत्या तर आम्ही त्यांना ओळखलं नसतं.

कारण घडलं ते असं. आमची मुलगी फुटबॉलच्या संघात गोलकीपर आहे, आणि तिचा संघ अंतिम सामन्यात पोचला. सामना दूरच्या शहरात होता, रविवारी दुपारी, आणि टीव्हीवर थेट दिसणार होता. माझ्या आईच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपणारा नव्हता. या मुलीला झेल घ्यायला शिकवलं ते आईनेच. खाटेवर बसून ती मोज्यांचे गोळे फेकायची आणि नात घरभर उड्या मारायची.

"मला फक्त तिचा चेहरा बघायचाय," आई म्हणाली. "चेंडू अडवताना ती जीभ बाहेर काढते. अजून काढते का, ते बघू दे."

मागणी माफक होती. पण त्याच संध्याकाळी बायकोचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मेहुणे, चहाला आले. ते विमा कार्यालयात असतात, पण टीव्ही या विषयावर त्यांनी इतके व्हिडिओ पाहिले आहेत की टीव्ही पाहायला त्यांना वेळच मिळत नाही.

"भावोजी," पडद्याजवळ नाक नेत ते म्हणाले, "रेघेचं सोडा. तुमच्या टीव्हीत काळा हा काळाच नाही. करडा आहे. इतकी वर्षं तुम्ही करड्याला काळा समजत आलात."

मी हादरलो. आणखी कशाकशाला आपण काय समजत आलो, अशी शंका मनाला चाटून गेली.

"अरे, पण मैदान हिरवं आणि चेंडू पांढरा," आई म्हणाली. "त्यात काळ्याचं काय काम?"

"पंचाचे कपडे, काकू," मेहुणे म्हणाले, आणि विषय संपला.

दुकानात एक अख्खी भिंत पडद्यांची होती आणि प्रत्येक पडद्यावर एकच पोपट पेरू खात होता. टाय लावलेल्या विक्रेत्याने आम्हाला तिन्ही पंथांची दीक्षा दिली. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो, म्हणून काळा अस्सल. क्यूएलईडीत मागून दिवा असतो, म्हणून उजेडाच्या खोलीत उत्तम. मिनी एलईडीत मागे असंख्य बारके दिवे असतात, म्हणून दोन्हीकडे थोडं थोडं. पुढे त्याने आम्हाला अंधाऱ्या खोलीत नेऊन एका पडद्यासमोर बसवलं.

आम्ही पुढे झुकून त्याच्याकडे टक लावून पाहू लागलो.

"याला खोली आहे," बायको पुटपुटली.

"हा काळा तडजोड करत नाही," मेहुणे म्हणाले. त्यांनी नकळत हात जोडले होते.

"थांबा हं, चालू करतो," विक्रेता म्हणाला.

चालू केल्यावर तो कुणालाच तितका आवडला नाही. पण मत देऊन झालं होतं, आणि दिलेलं मत मागे घेणं आमच्या घराण्यात नाही. ओएलईडी घरी आला. जुना टीव्ही, करडेपणा उघडकीस आल्यामुळे, खाली तळमजल्यावरच्या शिंप्याला देऊन टाकला. त्याने तो शिलाईच्या मशीनसमोर ठेवला आणि काही न विचारता चालू केला. या बेफिकिरीचं आम्हाला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, की आमच्या दिवाणखान्याला खिडकी आहे. इतकी वर्षं तिने कुणाला त्रास दिला नव्हता. पण आता त्या अस्सल काळ्यात खिडकी, दोरीवरचे कपडे आणि माझी बनियन स्वच्छ दिसू लागली. शिंप्याकडून जाड पडदे शिवून घेतले. तरी आईच्या चादरीवरची फुलं टीव्हीत उमटतच होती, तेव्हा आईची खाट स्वयंपाकघराच्या दाराशी हलवली.

"मला इथून टीव्ही दिसत नाही रे," आई म्हणाली.

"पण तुम्ही टीव्हीत दिसत नाही, काकू," मेहुणे म्हणाले. "हेही महत्त्वाचं आहे."

मग त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. या जातीच्या पडद्यावर एकच आकृती फार वेळ राहिली तर तिचा कायमचा डाग पडू शकतो. आणि फुटबॉलच्या सामन्यात गुणफलक तर सारा वेळ कोपऱ्यात बसलेला.

"म्हणजे पुढे प्रत्येक बातमीच्या कोपऱ्यात शून्य-शून्य," मेहुणे म्हणाले. तोडगाही त्यांनीच काढला. थोडा सामना पाहायचा, मग पडद्याला विश्रांती म्हणून थोडा पोपट. पोपट दुकानदाराने पेनड्राइव्हवर फुकट दिला होता.

बायकोने ऐकलं नाही. ओएलईडी परत गेला, क्यूएलईडी आला. उजेड असा, की आम्ही डोळे किलकिले करून बसलो. पण तो समोरूनच नीट दिसे, बाजूने फिका पडे. समोरची जागा एकच, त्यामुळे रविवारच्या सामन्यासाठी पाळ्या ठरवाव्या लागल्या. आईची पाळी आली ती नेमकी मध्यंतरात.

"तेव्हा मैदानावर कोण असतं?" आईने विचारलं.

"कुणी नाही. पण अगदी समोरून दिसेल."

रविवारी सकाळी तिसरा, मिनी एलईडी, दाखल झाला. चेंडूसारख्या पांढऱ्या वस्तूभोवती तो किंचित उजळ वलय दाखवी. चेंडूला एवढं पावित्र्य बरं नव्हे, म्हणून मेहुणे सेटिंग करायला बसले. रंग जुळवण्यासाठी पोपटच लावणं भाग होतं. बायकोच्या मते चोच जास्त लाल होती, माझ्या मते पेरू कच्चा होता. सामना सुरू व्हायची वेळ झाली.

"आधी पोपट मार्गी लावू," मेहुणे म्हणाले. "नाहीतर मुलगी चुकीच्या रंगात दिसेल."

युक्तिवाद बिनतोड होता. पोपट अखेर निर्दोष झाला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या आणि सामना लावला. मैदान रिकामं होतं. कुणीतरी गोलची जाळी सोडत होतं, आणि पंच पाठमोरे चालले होते. त्यांचे कपडे खरोखरच फार काळे होते.

मग आईच्या खाटेकडे लक्ष गेलं. खाट रिकामी होती. तेवढ्यात शिंप्याचा हात धरून, एक एक पायरी चढत, ती दारात आली. डोळे ओले होते.

"काढली रे तिने जीभ," आई म्हणाली. "अगदी शेवटच्या क्षणी. लहानपणी काढायची तश्शीच."

"कुठे पाहिलंस?"

"खाली. आपल्याच टीव्हीवर."

"पण ती रेघ?"

"होती की. पोरीच्या शेजारीच उभी होती. मला बरं वाटलं, तिथे कुणीतरी आहे तिच्याजवळ."

मेहुणे शिंप्याकडे वळले. "पंचाचे कपडे कसे दिसत होते?"

"खांद्याला उसवलेले," शिंपी म्हणाला.

थोड्या वेळाने मुलीचा फोन आला. "बाबा, पाहिलंत?"

"पाहिलं," मी म्हणालो. "रंग फार सुंदर होते."

ती म्हणाली, "आजीला द्या."

मला लाज वाटली. ती लाज अजून पुरती गेलेली नाही, म्हणून ही हकिगत मी भेटेल त्याला सांगतो. लोक हसतात, हळहळतात, माझ्या आईचं कौतुक करतात. मग जरा जवळ सरकतात आणि हळूच विचारतात, "ते ठीक आहे, पण शेवटी कुठला ठेवलात?"

सामना कोण जिंकलं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. तुम्हीही मघापासून त्याच उत्तरासाठी थांबला आहात, तेव्हा सांगून टाकतो. तिसरा ठेवला. पोपट छान दिसतो.